उजवी बाजू आमेदेओची

तेरा वर्षे ज्याच्याशी एक शब्दही बोलला नाही, तो माणूस गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभा राहून नेमके काय करतो आहे, हे तेरेझिओ गार्झेनाला ठाऊक होते का? या प्रश्नाचे उत्तर पुढील मजकुरात सापडणार नाही. ते देऊ शकणारी दोनच माणसे होती. त्यांपैकी एक कुणी विचारण्याआधीच गेला, आणि दुसऱ्याने, विचारल्यावर, वाइनच्या ग्लासात पावाची काडी बुडवली.

ग्रुल्यास्कोच्या ज्या कारखान्यात हे दोघे कामाला होते त्याचे नाव आज फक्त दरवाजावरच्या पाटीच्या खिळ्यांच्या भोकांपुरते उरले आहे. तिथे गाडीचे अंग हातोडीने घडवीत. मधोमध एक लाकडी साचा असे. अॅल्युमिनिअमचा पत्रा झाडाच्या बुंध्यात कोरलेल्या खळग्यावर ठोकायचा, साच्यावर ठेवून पाहायचा, काढून पुन्हा ठोकायचा, तांबटाच्या चिकाटीने. मापाची पट्टी कुणी फारशी वापरीत नसे. तळहाताखाली सुती फडके धरून पत्र्यावरून हात फिरवला की उंचवटा कळे. आणि प्रत्येक गाडीच्या दोन बाजू दोन माणसांच्या असत. डावी बाजू सांगाड्यावर आधी चढे, कारण ती चालवणाऱ्याची. मग उजवी तिला जुळवून घेतली जाई. डावा माणूस उजवीकडे जात नसे आणि उजवा डावीकडे फिरकत नसे. अजूनही त्या गावात एखादी जुनी गाडी आली की म्हातारे तिच्याभोवती फेरी मारीत नाहीत. जो तो आपापल्या बाजूला जाऊन उभा राहतो.

तेरेझिओ डावा होता, आमेदेओ क्रावेरो उजवा. त्रेपन्न सालच्या संपात तेरेझिओ फाटकाबाहेर उभा राहिला आणि आमेदेओ, घरात लेक छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली होती म्हणून, फाटकातून आत गेला. तेरेझिओ त्याच्या पायाशी थुंकला. संप मिटला, अबोला मिटला नाही. फोरमनने दोघांना वेगळ्या गाड्यांवर टाकायची तयारी दाखवली, तेव्हा दोघांनीही स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले: जायचे असेल तर त्याने जावे. कोणीच गेला नाही. सहासष्टात कारखाना बंद पडेपर्यंत ते एकाच गाडीच्या दोन अंगांना उभे होते.

तेरेझिओचा एकुलता एक मुलगा लिव्हिओ हातोडीकडे वळला नाही. त्याने छत्तीस वर्षे ग्रुल्यास्कोत सायकलवरून टपाल वाटले. पण जेवायला बसताना बापाने म्हटलेले एक वाक्य त्याच्या अंगात मुरले होते: "डावी बाजू देवाची, उजवी आमेदेओची." त्या घरात वाकड्या लटकलेल्या तसबिरीला 'आमेदेओ' म्हणत. एका बाजूने करपलेल्या केकलाही आमेदेओच.

निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी लिव्हिओला कार्मान्योलाच्या एका मिरची पिकवणाऱ्याच्या कोठारात ती गाडी दिसली. एकसष्ट सालची, दोन माणसांची, इतकी बुटकी की तिच्या छपरावर कोपर टेकवून गप्पा माराव्यात. असल्या गाड्या त्या कारखान्यातून मोजक्याच बाहेर पडल्या होत्या आणि बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. म्हणजे तेरेझिओच्या हाताचे जगात जे काही शिल्लक होते ते या डाव्या बाजूत होते. लिव्हिओने दरवाजाचे आतले अस्तर सोडवले आणि बॅटरीचा झोत आत टाकला. आतून पत्र्यावर माशाच्या खवल्यांसारखे गोल गोल ठोके एकाला एक लागून गेले होते, हजारोंनी, आणि एकही दुसऱ्यावर चढला नव्हता. तो तिथेच मिरच्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसला. त्याची बायको पिएरा बाहेरून हाक मारीत राहिली. 

घराखालच्या गॅरेजात, वाइनचे बुधले सरकवून केलेल्या जागेत, गाडी सुटी झाली. डावी बाजू जवळजवळ अभंग होती. उजवीकडे कोठाराचे छप्पर वर्षानुवर्षे गळत आले होते: पत्रा चाळणी झालेला, काचेच्या कडेचा खांब आतून गंजून पोकळ. तो खांब बाहेरच्या अंगाला कललेलाही होता. लिव्हिओने तो कापून काढताना पिएराला मुद्दाम खाली बोलावून दाखवला.

"बघ. आमेदेओ."

"बाबा असते तर आज दुसरी बाटली उघडली असती," पिएरा म्हणाली.

मग त्याने असे काही केले की जे ग्रुल्यास्कोत बापाच्या जिभेवर वाढलेल्या मुलालाच सुचावे. डाव्या बाजूवर पातळ फळ्यांचे छाप घेतले, ते पालथे केले, आणि त्यांवरून नवी उजवी बाजू घडवली. गाडीच्या दोन्ही बाजू आता तेरेझिओच्या होणार होत्या. हातोडी धरायला तो साठीत शिकला. किती पत्रे फाटले, किती भंगारात गेले, याचा हिशेब त्याने ठेवला नाही. एवढे खरे की सहा हिवाळे त्यात गेले आणि शेवटी पालथा छाप नव्या बाजूवर ठेवला तेव्हा मधून केसही जाईना.

दोन हजार सोळाच्या वसंतात, रंग देण्यापूर्वी, गाडी एकदा कोरडी जुळवून पाहायची वेळ आली. ज्यांनी हे केले आहे त्यांनाच ते दिवस कसे असतात हे कळेल. वर्षानुवर्षे फडताळांत, पलंगाखाली, शेजाऱ्याच्या पोटमाळ्यावर पडलेल्या वस्तू एकेक करून खाली येतात आणि आपापली जागा ओळखतात. बिजागरी भोकाशी आली, बोल्ट बोटांनीच फिरला. बॉनेट खाली आले ते श्वास सोडल्यासारखा आवाज करून. डावा दरवाजा लागला. तसाच, त्याच आवाजात, उजवाही लागला. लिव्हिओ तो उगीचच उघडत आणि लावत राहिला. कालपर्यंत जो नुसता पसारा होता तो आता त्याच्याकडे पाहतो आहे असे त्याला वाटले, आणि त्याने नकळत टोपी काढली.

राहिली होती समोरची काच. ती मूळचीच होती, कोठारातही तिला ओरखडा गेला नव्हता, आणि तशी दुसरी मिळणार नव्हती. ती बसवायला त्याचा मित्र ओरेस्ते आला. त्याने हयातभर दुसरे काही केले नव्हते. काचेभोवती रबर चढवले, रबराच्या खाचेत सुतळी घातली. काच बाहेरून दाबायची आणि आतून सुतळी ओढायची, की रबराचा ओठ चौकटीवर चढत जातो. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून तो सुरेख चढत गेला. वरच्या कडेला लिव्हिओच्या हातातली सुतळी अडली.

"थांब! ओढू नकोस!" ओरेस्ते बाहेरून ओरडला.

"का? काय झालं?"

"काच रडतेय. ऐकू येत नाही तुला?"

खरोखरच एक बारीक किरकिर ऐकू येत होती. दोघांनी काच उचलून घोंगडीवर ठेवली. ओरेस्तेने चौकटीवरून अंगठा फिरवला.

"वर अरुंद आहे रे. दोन बोटं तरी."

"काच फुगली असेल."

"काच म्हणजे काय तुझं पोट आहे, फुगायला? ती साच्यातून निघालेली आहे, तिला खोड नसते. तुझी चौकट चुकली." मग, मित्राचा चेहरा पाहून, तो मवाळ झाला. "हे बघ, मी प्लॅस्टिकची कापून देतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"तुला? तू आत बसणार. आत बसलं की नुसता रस्ता दिसतो."

तो गेल्यावर लिव्हिओने गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध दोरा ताणला, छताच्या तुळईवरून ओळंबा सोडला आणि मोजायला घेतले. उजवा खांब आत कललेला होता, अंगठ्याएवढा. चूक आपलीच असणार असे धरून त्याने डावा मोजला. तोही आत कललेला होता, अगदी तेवढाच. त्याने दोरा सोडून पुन्हा ताणला. मग दोरा बदलला.

"दोरा बदलून काय होणार?" पायरीवर बसून घेवडा सोलणारी पिएरा म्हणाली. "दोरा खोटं बोलत नाही. बोलतात ते गार्झेना."

तो हसला नाही. आता सगळे उघड होते. बापाचा खांब आत कललेला होता. आमेदेओचा, जो त्याने हसत हसत कापून काढला होता, तो बाहेर कललेला होता. म्हणजे चौकट एका अंगाला झुकलेली होती, पण तिची रुंदी काचेला पुरेपूर होती, आणि म्हणूनच पन्नास वर्षांत काचेला तडा गेला नव्हता. ज्याला तो वाकडेपणा समजला होता तो त्याने नाहीसा केला, आणि काचेची जागाच नाहीशी झाली. आणि डावी बाजू आधी चढे. उजवा माणूस जे काही करी ते डावीकडे पाहून करी.

आमेदेओ क्रावेरो तेव्हा कोलेन्योत, लेकीच्या घरी होता. संपाच्या वर्षी आजारी असलेली तीच ही लेक, एल्दा. रविवारच्या जेवणानंतर द्राक्षवेलीखाली म्हातारा एकटाच बसला होता. तिकडे वडीलधाऱ्या परक्यालाही 'बार्बा' म्हणजे काका म्हणतात. गार्झेनांच्या घरात त्याला कुणी कधी तसे म्हटले नव्हते.

"बार्बा आमेदेओ, मी लिव्हिओ. गार्झेनांचा."

"माहीत आहे. तूच माझं पेन्शनचं पाकीट उशिरा आणायचास."

"कोलेन्यो माझ्या हद्दीत नव्हतं."

"तरी उशीर तुझाच. बस."

लिव्हिओने गाडीची सगळी हकीकत सांगितली. खांबापाशी आल्यावर त्याचा आवाज खाली गेला. "डावा खांब आत कललाय, बार्बा."

"तुझ्या बापाची बाजू सरळ होती. वाकडी माझी. तुमच्या घरी तर जेवणाआधी प्रार्थनेसारखं म्हणायचे ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"टपालवाल्या, एवढं लहान गाव आहे आपलं. केकसुद्धा माहीत आहे मला."

"मी ओळंबा लावून पाहिला."

"बापावर ओळंबा लावतात होय रे?"

एल्दा बाटली आणि पावाच्या काड्या ठेवून गेली. आमेदेओने दोन ग्लास भरले आणि बाटली हातातच धरून विचारले, "वाइन ओतताना त्याला कधी नीट बघितलंस?"

लिव्हिओने रोज पाहिले होते. बाप बाटलीचे तोंड ग्लासाच्या कडेवर टेकवी, किणकिण आवाज होई, मगच ओती. त्या आवाजाने घरात जेवण सुरू होई. लिव्हिओला ती त्याची ऐट वाटत आली होती.

"एका डोळ्याला खोली कळत नाही," आमेदेओ म्हणाला. "सत्तावन साली कपची उडाली. तो म्हणाला, धूळ गेली. फोरमनला पटलं. मी समोर होतो, मला दिसलं. एका डोळ्याच्या माणसाला हातोडी देत नव्हते तेव्हा, झाडू देत होते."

"मग तुम्ही त्यांना बोलला का नाहीत? बाजू कलतेय म्हणून?"

"मी बोलत होतो का त्याच्याशी?"

"पण अशा वेळी तरी..."

"अरे, बोलत असतो तर सांगावं लागलं असतं. मी सांगितलं की त्याला ऐकावं लागलं असतं. आणि त्याने ऐकलं की झालं, झाडू." त्याने खांदे उडवले. "नव्हतो बोलत, तेच बरं होतं."

"त्यांना कळलं होतं का, बार्बा? तुम्ही काय करत होतात ते?"

आमेदेओने काडी वाइनमध्ये बुडवली. "ही नरम झाली की लगेच खावी," तो म्हणाला. "नाहीतर ग्लासात पडते."

लिव्हिओ सायकल हातात धरून चालतच घरी निघाला. सरळ बाजू घडवणे हे कसब आहे, ते शिकता येते. त्याने स्वतः ते थोडेफार शिकून घेतले होते. पण समोरच्याचा हात आज किती चुकला हे नुसत्या नजरेने हेरायचे, तो प्रत्येक गाडीत वेगळा चुकणार, आणि आपली बाजू नेमकी तेवढीच उलट चुकवायची. छाप नाही, माप नाही, खूण नाही. वर, ते झाकण्यासाठी, आपणच वाकड्या हाताचे म्हणून गावभर हसे करून घ्यायचे. सत्तावन ते सहासष्ट, एकेका गाडीत. आणि हे सारे अशा माणसासाठी की जो आपल्या पायाशी थुंकला होता आणि ज्याला आपण क्षमाही केलेली नाही. कारण आमेदेओने क्षमा केली नव्हती. तेरेझिओच्या अंत्ययात्रेलाही तो आला नव्हता. लिव्हिओला या गोष्टीचा तळ लागेना. घरी पोचला तेव्हा पिएराने विचारले, "भूत पाहिलंस का?" तो म्हणाला, "माणूस पाहिला."

पुढच्या आठवड्यात एल्दाने बापाला मोटारीतून आणून गॅरेजच्या दारात सोडले. म्हाताऱ्याने खिशातून फडके काढले, तळहाताखाली धरले आणि डोळे मिटून डाव्या बाजूवरून हात फिरवला. हयातीत प्रथमच तो तिच्या इतका जवळ आला होता. दरवाजाच्या वर, खांबाच्या मुळाशी, हात क्षणभर थबकला आणि पुढे गेला. मग तो उजवीकडे आला.

"ही तू केलीस?"

"हो."

"चांगली आहे. पण ही आरशातली आहे. आरशातली बाई कितीही देखणी असली तरी तिच्याशी संसार होत नाही."

"मग काय करू?"

"सोपं आहे. दोन्ही खांब सरळ कर. काच बसेल. आता कोण कुणाला कामावरून काढणार आहे? तेरेझिओला वर दोन्ही डोळे परत मिळाले असतील. खाली बघेल तर त्यालाही बरं वाटेल."

हा सल्ला शहाणपणाचा होता. त्यात काच वाचत होती आणि सहा हिवाळ्यांचे काम बहुतेक वाचत होते. जाणार होता तो फक्त बापाच्या हाताचा कल. लिव्हिओने डाव्या खांबाकडे पाहिले. नऊ वर्षे एका डोळ्याने, भीती कुणाला न दाखवता, माणूस जितका सरळ जाऊ शकतो तितका तो सरळ होता.

"डावीला मी हात लावणार नाही, बार्बा."

"मग उजवी वाकडी करावी लागेल."

"करतो. तुम्ही सांगा, कशी."

"मी काय सांगणार?" म्हातारा चिडून म्हणाला. "मी कधी कुणाला काही सांगितलंय का? समोर बघ आणि कर."

लिव्हिओने आपली उजवी बाजू कापली. पिएराने करवतीचा आवाज ऐकला आणि ती वर निघून गेली. तिला ते पाहवणार नव्हते. त्यानंतरचे दोन हिवाळे तो गाडीच्या उजव्या अंगाला, जिथे आमेदेओ उभा राही तिथे, उभा राहिला. छाप त्याने जाळून टाकले होते. हातोडी उचलण्यापूर्वी मान वर करायची, रिकाम्या चौकटीतून पलीकडे पाहायचे, मग ठोकायचे. तिथून दिसणारी बापाची बाजू त्याने आयुष्यात कधी पाहिली नव्हती. ती चुकलेली दिसत नव्हती. कुणीतरी कान देऊन ऐकताना मान कलती करावी तशी ती दिसत होती, आणि आपला पत्राही हळूहळू ती झुकली आहे त्याच दिशेला कलतो आहे हे लिव्हिओच्या हाताला कळत गेले.

दोन हजार अठराच्या एप्रिलात ओरेस्ते पुन्हा सुतळी घेऊन आला. ओठ डाव्या कोपऱ्यातून चढला, वरच्या कडेने आला, उजवीकडे वळला, आणि सुतळीचे शेवटचे टोक लिव्हिओच्या हातात मोकळे आले. ओरेस्तेने बोटाने काचेवर टिचकी मारली, कान लावला, आणि कपाळावरचा घाम पुसला. समोरून पाहिले तर गाडी किंचित झुकलेली दिसे, पण ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

लिव्हिओने कोलेन्योला फोन लावला.

"बसली?" म्हाताऱ्याने विचारले.

"बसली, बार्बा."

"मग मला कशाला सांगतोस? ओरेस्तेला काहीतरी प्यायला दे."

आमेदेओ क्रावेरो दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत कोलेन्योत वारला. गाडी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रंगवून झाली आणि तेव्हापासून रस्त्यावर आहे. तिची समोरची काच मूळचीच आहे.